बाबांचे थांबे

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा ते आमच्याकडे पनवेलला राहायला आले. आमचं गाव गव्हाणच्या पुढे, खाडीच्या कडेला. तिथून आठवड्यातून तीनदा येणं-जाणं त्यांना झेपलं नसतं आणि आई गेल्यापासून घरी बघणारंही कोणी नव्हतं. एका पिशवीत कपडे आणि दुसरीत गावचे वाल घेऊन ते आले. हॉलमधल्या दिवाणावर बसले आणि म्हणाले, "बाय, मी हितं पाव्हना म्हनून नाय आलो. मना काम सांग."

मी त्यांच्यापुढे कोथिंबिरीची जुडी ठेवली. त्यांनी देठांसकट पानंही कचऱ्यात टाकली, आणि त्यानंतर मी त्यांना काम सांगितलं नाही.

सगळं आयुष्य त्यांनी मिठागरात काढलं. पावसाळा संपला की खाडीचं पाणी आत घेण्याआधी वाफ्यांची जमीन तुडवून घट्ट करायची असते. माणसं ओळीनं उभी राहून पायांनी ती चिखलट जमीन दाबत जायची, सकाळपासून ऊन चढेपर्यंत. त्या ओळीत बाबा कुठे आहेत हे मला लहानपणी लांबूनही ओळखू यायचं, कारण सगळ्यांचे पाय पडायचे आणि बाबांचे नाचायचे. चालायलाही तसेच. पाचवीत मी पनवेलच्या शाळेत जाऊ लागले तेव्हा ते मला बांधावरून एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला यायचे. ते चालत आणि मी मागे धावत. "बाबा, हळू ना," म्हटलं की ते जागच्या जागी उभे राहायचे, मी जवळ आले की पुन्हा तेच. आई म्हणायची, या माणसाच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत ते तिला मागे टाकून घरी पोचले होते आणि बायको कुठाय म्हणून तिच्या सासूनं विचारल्यावर परत गेले होते. ही गोष्ट आईनं मला इतक्या वेळा सांगितली, की ती जत्रा मीच पाहिली असावी असं वाटतं.

पुढे मिठागरं बंद झाली, जमिनी गेल्या, त्यांवर उंच इमारती आल्या. बाबांना साखरेचा आजार होताच. विडी होती. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. मग पायांवर सूज आली, दम लागायला लागला, आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची पाळी. नवरा सहाच्या ठोक्याला मुंबईच्या कामाला निघायचा, मी शिकवते ती शाळा दुपारची, म्हणून बाबांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. रिक्षा बाजाराच्या तोंडाशी सोडायची. आतल्या गल्लीत भाजीच्या हातगाड्या, त्यामुळे तिथून सेंटरपर्यंत चालत जावं लागे. दोनशे-सव्वादोनशे पावलं असतील. पहिलं वर्षभर बाबा माझ्यापुढे असायचे. आजारी माणूस पुढे आणि धडधाकट मुलगी पर्स सावरत मागे, असं बघून भाजीवाल्या बायका हसायच्या.

डाव्या हातात त्यांना फिस्टुला केला होता, म्हणजे शस्त्रक्रिया करून एक शीर धमनीला जोडली होती. मशीनच्या सुया तिथेच टोचायच्या. त्या जागी बोटं ठेवली की आत थरथर लागायची. पाण्याची मोटर चालू असताना पाइपावर हात ठेवला तर लागते, अगदी तशी. ती रोज तपासायची, थांबली तर ताबडतोब फोन करायचा, असं सिस्टरनी मला बजावलं होतं. मी रोज सकाळी चहाआधी बाबांचा हात हातात घ्यायचे. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना कधी असा हात लावला नव्हता. हळूहळू त्याची सवय झाली. बाबा विचारायचे, "हाय ना चालू?" मी म्हणायचे, "आहे." मग चहा.

दुसऱ्या वर्षी कधीतरी बाबा गल्लीत थांबायला लागले.

पहिल्यांदा थांबले ते एका कपड्याच्या दुकानासमोर. काठी टेकली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाय, हितं टांग्यांचा अड्डा व्हता, ठावं हाय? घोड्यांच्या लिदीचा वास तिकडं तळ्यापर्यंत." मी थांबले. त्यांनी एका टांगेवाल्याची गोष्ट सांगितली. त्याचा घोडा ना उतारूंचं ऐके ना मालकाचं, म्हणून स्टेशनाला निघालेली माणसं बंदराला पोचत. मला हसू आवरेना. गोष्ट संपली तसे आम्ही निघालो.

पुढच्या आठवड्यात आणखी एक थांबा झाला. बंद शटरपाशी. इथे बैलगाडीची चाकं करणारे बसत. लाकूड कुठून यायचं, लोखंडी धाव तापवून चाकावर कशी चढवायची, पाणी ओतल्यावर कसा धूर उठायचा, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. तिसरा थांबा मोबाइलच्या दुकानासमोर. तिथे म्हणे पूर्वी खानावळ होती आणि लग्न ठरल्यावर त्यांनी आईला तिथल्या बाकावर बसवून जिलबी खाऊ घातली होती.

"आईनं मला कधी नाही सांगितलं."

"ती कशी सांगंल? लाजली व्हती ती."

मला ते थांबे फार आवडायला लागले. बाबा आधी कधी एवढं बोलले नव्हते. मिठागरातून घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. आता म्हातारपणी मोकळे झाले, असं मी शाळेत मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे. चाकवाल्यांची गोष्ट मी चौथीच्या मुलांना वर्गातही सांगितली आणि फळ्यावर चाकाचं चित्र काढलं. थांबे वाढत गेले तशी मी घरून दहा मिनिटं आधी निघू लागले, एवढंच. मला जे वाटलं ते इतकं छान होतं, की त्याखाली दुसरं काही असेल अशी शंकाही आली नाही.

त्या हिवाळ्यात ते म्हणाले, पाय गार पडतात. मी त्यांना लोकरीचे मोजे आणि बंद बूट घेऊन दिले. जन्मात बूट न घातलेला माणूस, पण मुलीनं आणले म्हणून त्यांनी घातले. दुपारी दिवाणावर झोपले की उजवा पाय खाली फरशीवर सोडून झोपायचे. मला वाटलं, दिवाण अरुंद पडतो. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, मोठा पलंग घेऊ या.

आणि एका शुक्रवारी साडेनऊला सेंटरमधून फोन आला. मी पोळ्या लाटत होते. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, पण जरा लवकर या."

या सिस्टर पंधराएक वर्षं हेच काम करणाऱ्या. आवाज खणखणीत, पेशंटला रागावायच्या आणि मग स्वतःच्या डब्यातली चटणी द्यायच्या. त्या दिवशी मशीनवर असताना बाबांचं ब्लडप्रेशर उतरलं. असं झालं की खुर्ची मागे करून पाय वर करतात. पाय वर केले तसे बाबा कळवळले. "सिस्टर, पाय खाली सोडा, खाली सोडा." याआधीही दोन-तीनदा झालं होतं तसं, आणि पायात गोळे येतात म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. या वेळी सिस्टरना राहवलं नाही. त्यांनी मोजा काढला.

मी पोचले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं नाही. बाबांसमोरच पाय दाखवला. करंगळी टोकाला काळी पडली होती. शेजारच्या बोटाला बुटानं घासून जखम झाली होती, आणि ती ओली नव्हती, सुकलेली, राखेच्या रंगाची.

"हे कधीपासून?" सिस्टरनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी रोज त्यांचा हात बघत होते. पाय बघायचे असतात हे मला सुचलंच नव्हतं.

"बाबा, दुखलं नाही तुला?"

"बूट लागला ते समजलाच नाय," ते म्हणाले. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती.

डायलिसिस संपल्यावर किडनीचे डॉक्टर आले. त्यांनी बाबांच्या पावलावर, मग घोट्यामागे, मग गुडघ्याच्या लवणीत बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मला कळेना काय करताहेत. "नाडी शोधतोय," ते म्हणाले. "गुडघ्यापर्यंत लागते. पावलात लागत नाही." मी नकळत बाबांच्या डाव्या हातावर हात ठेवला. तिथे रक्त धडधडत चाललं होतं, आणि त्याच माणसाच्या पावलापर्यंत ते पोचत नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "चालताना पोटरीत दुखतं का?"

"नाय."

"मध्येच थांबावं लागतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "थांबतो. जरा बोलाया."

"किती चाललं की?"

 डॉक्टर तिथेच उभे राहिले. त्यांना घाई नव्हती. शेवटी बाबा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पयलं टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत यायचो. मंग तेवढं पन जमंना. मंग चाकवाले मधी घेतले. आन मंग तुझ्या आयेची जिलबी."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. मला सगळं कळलं. मी सेंटरच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत राहिले.

मग डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. साखरेचा आजार आणि किडनीचा आजार, दोन्ही असले की पायांच्या धमन्यांच्या भिंतींत चुना साठावा तसं कॅल्शियम साठतं. आतून अरुंद होतात, बाहेरून कडक. स्नायूला चालताना जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून पोटरी दुखते, थांबलं की कळ जाते. डायलिसिसचे पेशंट मुळात फार चालतच नाहीत, त्यामुळे कित्येकांना हे दुखणंही कळत नाही, एकदम जखमच दिसते. "तुमचे वडील निदान चालत होते," ते म्हणाले. मला त्याचा आनंद मानावा की काय, ते समजेना.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बेलापूरच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेलो. बाई होत्या, चाळिशीच्या. घोट्याला पट्टी बांधून दाब मोजला तर आकडा चांगला आला. मला हायसं वाटलं. बाई म्हणाल्या, "या आकड्यावर जाऊ नका. धमनी इतकी कडक झालीय की पट्टी आवळली तरी दबत नाही, म्हणून आकडा मोठा दिसतो." मग त्यांनी पायाच्या अंगठ्याला बोटभर रुंदीची छोटी पट्टी बांधली. तो आकडा फार कमी होता.

बाबांनी सरळ विचारलं, "बाई, पाय कापनार?"

मिठागरातल्या त्यांच्या जोडीदाराचा पाय मांडीपासून काढला होता. तो पुढे घराबाहेर आलाच नाही. बाबा त्याला भेटायला गेले की उंबऱ्यावरूनच परत फिरत, आत बघवत नसे.

"पाय राहावा म्हणून दोन बोटं काढायला लागतील," बाई म्हणाल्या. "पण आधी रक्ताची वाट मोकळी करायची. रक्तच नसेल तर कापलेलं भरणार नाही. जांघेतून तार घालून फुगा नेईन आणि बंद पडलेली वाहिनी फुगवून बघेन. जमेल असं वचन देत नाही. प्रयत्न पूर्ण करीन. आणि विडी?"

"सोडली."

"कधी?"

"आता," बाबा म्हणाले.

त्यांनी ती खरंच सोडली. खिशातलं बंडल त्यांनी तिथेच बाईंच्या टेबलावर ठेवलं, आणि बाईंनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाहेर तीन तास बसले. शेजारी कोणाची तरी बायको मोबाइलवर भजन ऐकत होती. बाई बाहेर आल्या, टोपी काढून म्हणाल्या, "एक वाट मिळाली. बारीक आहे, पण पावलापर्यंत गेलीय." मला आत सोडलं. बाबा पडून होते, तोंड सुकलेलं. मला बघून म्हणाले, "बाय, पायाला हात लाव." मी लावला. पाऊल कोमट होतं. त्या पावलाला मी आधी कधी हातच लावला नव्हता, त्यामुळे आधीचा गारवा मला माहीत नव्हता. पण बाबांना माहीत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

आठवड्यानं दोन बोटं काढली. जखम भरायला पाच महिने लागले. डायलिसिसच्या दिवशी सिस्टर ड्रेसिंग करायच्या, बाकीच्या दिवशी मी. त्यांनीच मला शिकवलं. गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, अनवाणी चालू द्यायचं नाही, टाच गादीवर दाबली जाऊ नये म्हणून पोटरीखाली उशी द्यायची. मी शाळेतून येऊन हात धुवायचे आणि बाबांसमोर पाटावर बसायचे. चिखल तुडवून तुडवून रुंद झालेलं ते पाऊल मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तळव्याला भेगा, मिठानं पडलेले जुने पांढरे डाग.

एकदा ड्रेसिंग करता करता मी विचारलं, "बाबा, सांगितलं का नाहीस रे?"

त्यांनी पावलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू आठवड्यातून तीन दिस माज्यामागं धावतंस. तुझी शाला, घर. त्यात आनखी पाय पन दुखतो म्हनून सांगू?" थोड्या वेळानं म्हणाले, "आन तुला गोष्टी आवडत व्हत्या. थांबलो की तू हसायचीस. मंग मना पन थांबायला बरं वाटाया लागलं."

"त्या खऱ्या तरी होत्या का?"

"टांगेवाला खरा. चाकवाले तर खरेच." मग जरा ओशाळून हसले. "खानावळ नाय व्हती. तुझी आय कसली बसते बाकावर! जिलबी खरी. पन भरबाजारात, उभ्यानं खाल्ली तिनं, पदराआड. आन मना एक तुकडा पन नाय दिला."

आम्ही दोघं इतके हसलो की चिकटपट्टी माझ्या बोटांना गुंडाळली गेली.

बाबा पुन्हा सेंटरला चालत जायला लागले तेव्हा त्यांच्या पायात मऊ, मोठ्या तोंडाच्या खास चपला होत्या. चाल आधीसारखी नव्हती, डाव्या बाजूला झुकत. पण सिस्टरनी त्यांना नवं काम दिलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे पाय बघायचे असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मोजे काढायला कोणी तयार नसे. बाबा मशीनला लागायच्या आधी खुर्च्यांमधून फिरायचे. शेजारच्या खुर्चीवर एक चाचा असायचे, शिवणकाम करून निवृत्त झालेले, अतिशय नीटनेटके. ते मोजे काढायला लाजायचे.

"चाचा, मोजं काडा."

"अहो भाईसाब, माझ्या पायांवर तुमची एवढी मोहब्बत कशाला?"

"माजी दोन गेली. तुमची दहा हायेत तवर दाखवा."

चाचांच्या टाचेला सुपारीएवढी जखम निघाली. वेळेवर निघाली. त्यांचं एकही बोट गेलं नाही. पुढच्या ईदला त्यांनी बाबांसाठी स्वतः शिवून पायघोळ लेंगा पाठवला, घोट्यापाशी सैल. पट्टी बांधली तरी चढेल असा.

बाबा त्यानंतर अडीच वर्षं जगले. पाय शेवटपर्यंत राहिला. गेले ते हृदयानं, एका रविवारी सकाळी, आंघोळ करून पेपर उघडताना. डॉक्टर म्हणाले, ज्या आजारानं पायाच्या धमन्या बंद होतात तो तिथेच थांबत नाही. मला ते आधीपासून माहीत होतं. सर्जन बाईंनी सांगितलं होतं आणि बाबांनाही सांगितलं होतं.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी गावाकडे ने म्हणून हट्ट धरला होता. मिठागराचा एकच तुकडा उरला होता. पलीकडे इमारती, अलीकडे तिवरं वाढलेली, मधे जुना बांध. मी रिक्षा थांबवली. बाबा उतरले आणि बांधावर चढले. मी हात धरायला गेले तर नको म्हणाले. ते पुढे, मी मागे. सकाळचं ऊन होतं, खाडीला भरती होती, पाणी वाफ्यांत शिरून चमकत होतं. एका वाफ्याच्या कोपऱ्यात वाळलेल्या मिठाचा पातळ पापुद्रा धरला होता. कोणी ते गोळा करायला येणार नव्हतं.

साठ-सत्तर पावलं झाली असतील. बाबा थांबले. मी वाट बघत राहिले, आता कोणाची गोष्ट निघते म्हणून. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली, पोटरीकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाले, "बाय, दुखतंय. जरा थांबू."

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. कळ जाईपर्यंत आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहिलो, काहीही न बोलता.